टाकीतल्या पाण्याचा पीएच २, हिशेबाने कॉस्टिक ४०० ग्रॅम. मग किलोभर का लागलं?

गंजबहाद्दर
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. लोखंडी पार्ट प्लेटिंगला जायच्या आधी एचसीएलच्या (हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या) टाकीत बुडवून त्यांचा गंज काढतो, म्हणजे पिकलिंग. ॲसिडमधून काढलेला माल शेजारच्या हजार लिटरच्या टाकीत धुतो. हे धुण्याचं पाणी दिवसेंदिवस आंबट होत जातं. ते सोडायच्या आधी पीएच (आंबटपणाचं माप: ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी) ५.५ ते ९ च्या मधे आणावा लागतो. आजवर अंदाजपंचे कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड) टाकत आलो.

पोरगी बारावी सायन्सला आहे. परवा तिनं वहीत हिशेब मांडून दिला. मीटरवर पीएच २, म्हणजे लिटरला ०.०१ मोल (मोल हे कण मोजायचं एकक) हायड्रोजन आयन. हजार लिटरला १० मोल. एचसीएल तीव्र आम्ल, कॉस्टिक तीव्र आम्लारी, दोघं एकास एक भिडतात. कॉस्टिकचं मोलर वजन ४०. झाले ४०० ग्रॅम. मला पटलं.

४०० ग्रॅम बादलीत विरघळवून टाकलं, तर मीटर जेमतेम ३ वर. थोडं थोडं टाकत ७ च्या पुढं नेलं आणि घरी गेलो. सकाळी बघतो तर पीएच परत ५! पुन्हा सुरुवात. एकूण किलोभर गेलं तेव्हा ७-८ च्या मधे टिकायला लागला, आणि शेवटी अर्धी वाटी अजून टाकली तर थेट ११.

हिशेब चुकलाय, मीटर गंडलाय, की कॉस्टिकमध्ये भेसळ आहे?

तांबडापांढरा
विषय हार्ड हाय भावा.

शाहूपुरीकर
मीटर. डोळे झाकून सांगतो, मीटर. बफरमध्ये (पीएच ठरलेल्या द्रावणात) शेवटचं कधी तपासलंय?

गंजबहाद्दर
त्याच दिवशी सकाळी. ४ च्या बफरला ४, ७ च्या बफरला ७.

शाहूपुरीकर
मग कॉस्टिक. फ्लेक्सचं पोतं उघडं राहिलं की ते हवेतलं पाणी पितं आणि कार्बन डायऑक्साइड खातं. तुमचं पोतं कधीपासून उघडं आहे?

निवृत्त_बाई
शाहूपुरीकर, पोतं उघडं राहून कॉस्टिक थोडं नासतं हे खरं. पण ४०० चे १००० व्हायला पोत्यात निम्म्याहून जास्त भलतंच काही असायला हवं. तेवढं नासलं असतं तर फ्लेक्सचे दगड झाले असते.

गंजबहाद्दर, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, ७ वरून एकदम ११ का? दुसरा, ४०० ऐवजी किलो का? पहिल्याचं उत्तर तुमच्या मुलीच्याच हिशेबात आहे, म्हणून ते आधी.

पीएचची प्रत्येक पायरी दहापटीची. तुमच्या हजार लिटरमध्ये नुसतं एचसीएल आहे असं धरू. पीएच २ चा ३ करायला ९ मोल मारावे लागतात, म्हणजे ३६० ग्रॅम कॉस्टिक. ३ चा ४ करायला ३६ ग्रॅम. ४ चा ५ करायला साडेतीन ग्रॅम. ५ ते ७ मिळून अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. ७ च्या पलीकडे हीच जत्रा उलटी: १० ला पोचायला ४ ग्रॅम, ११ ला ४० ग्रॅम. म्हणजे ४ पासून १० पर्यंतचा सगळा प्रवास ८ ग्रॅमचा, हजार लिटर पाण्यात! अर्धी वाटी टाकल्यावर तुम्ही ११ ला पोचला नसतात तरच नवल होतं.

त्यामुळं ५.५ ते ९ ही पट्टी कागदावर ऐसपैस दिसते; टाकीत मात्र ती एक ग्रॅमचीसुद्धा नाही. तीव्र आम्लाला तीव्र आम्लारीनं मारून त्या पट्टीत थांबवणं वाटीचं काम नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाआधी मला एक सांगा: टाकीच्या तळाशी गाळ बसला का? कोणत्या रंगाचा?

तांबडापांढरा
बाईंनी गाळाचा रंग विचारला म्हंजे प्रकरण सीआयडीत गेलं.

काहिलीकाठ
आमचं गुऱ्हाळ हाय, म्हणून बोलतोय. ताज्या उसाच्या रसाचा पीएच पाचाच्या जरा वर असतोय. काहिलीत रस तापाय लागला की भेंडीचं पाणी घालून मळी काढायची आणि चुन्याची निवळी सोडायची, की आंबटपणा मरतोय. निवळी जास्त झाली की गूळ काळपट होतोय आणि भाव पडतोय. माझा पुतण्या बीएस्सीला हाय, त्यानं असाच मोल काढून हिशेब केलता. त्याच्या हिशेबानं चिमूटभर चुना पुरं होता. आमचा गुळव्या नुसता बघून हसला. त्यो रसाचा रंग बघून निवळी सोडतोय, मोलबिल काय न्हाई.

तेव्हा गंजबहाद्दर, पोरीला बोल लावू नगा. हे सगळीकडंच हाय.

निवृत्त_बाई
काहिलीकाठ, तुमच्या पुतण्याला आणि यांच्या मुलीला एकच गोष्ट नडली आहे, आणि धाग्याचं उत्तर तिथंच आहे असं मला वाटतं. मीटर फक्त सुटे हायड्रोजन आयन मोजतो. तीव्र आम्लाचे सगळेच आयन सुटे असतात, म्हणून तिथं पीएचवरून आम्ल किती ते थेट कळतं. उसाच्या रसातली आम्लं सौम्य. त्यांचा बहुतेक हायड्रोजन रेणूला चिकटून बसलेला. मीटरला तो दिसत नाही, पण चुना टाकला की एकेक सुटत येतो आणि चुना खात राहतो.

आकडा देते. ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) ॲसेटिक आम्लाचा पीएच २.९ च्या जवळपास. तोच पीएच एचसीएलनं आणायचा तर ०.००१३ मोलर पुरतं. मीटरवर दोघं जुळे भाऊ, पण कॉस्टिक लागतं एकाला दुसऱ्याच्या सत्तरपटीहून जास्त.

पन्हाळा_रोड
बाई, पण इथं तर एचसीएल आहे ना, तीव्र. मग चिकटून बसलेलं कोण?

निवृत्त_बाई
म्हणूनच गाळाचा रंग विचारला. वाट बघते.

शाहूपुरीकर
तीव्र म्हणजे स्ट्राँग ना? आमच्या इथं दुकानदार जुनं ॲसिड 'स्ट्राँग राहिलं नाही' म्हणून देतो. मग तेही सौम्य आम्ल झालं का?

तांबडापांढरा
ह्यो विषय माझा! तांबड्या रश्श्यात घागरभर पाणी वता, त्यो तांबडाच, फकस्त पातळ. पांढरा कितीबी आटवून घट्ट करा, त्यो पांढराच. तीव्र-सौम्य ही जात, पातळ-घट्ट ही पाण्याची करामत. दुकानदाराचं ॲसिड तीव्रच हाय, त्यानं पाणी घातलंय.

निवृत्त_बाई
शंभरपैकी शंभर.

पन्हाळा_रोड
आम्ही पिकलिंगला सल्फ्युरिक वापरतो. त्याचा हिशेब सोपा: दोन हायड्रोजन, दोनानं गुणायचं. ०.०१ मोलर असेल तर ०.०२, पीएच १.७.

बफर_झोन
नाही हो. सल्फ्युरिकचा पहिला हायड्रोजन पूर्ण सुटतो, दुसरा अर्धवट. बायसल्फेटचा (पहिला हायड्रोजन सुटल्यावर उरलेल्या आयनाचा) विघटन स्थिरांक ०.०१२ आहे. ०.०१ मोलरला वर्गसमीकरण सोडवलं की दुसरा हायड्रोजन ०.००४५ एवढाच सुटलेला निघतो. बेरीज ०.०१४५, पीएच १.८४.

पन्हाळा_रोड
मग कॉस्टिक पण ०.०१४५ च्या हिशेबानं टाकायचं? आम्ही दुपटीनं टाकतो आणि बरोब्बर बसतं, ते कसं?

बफर_झोन
कॉस्टिक दुपटीनंच. सुटलेला संपला की अडकलेला सुटतो, तोही संपवावा लागतो. पीएचचा हिशेब १.८४ चा आणि पोत्याचा हिशेब ०.०२ चा. बाई वर म्हणाल्या तेच, सुटे वेगळे आणि एकूण वेगळे.

आणि एचसीएल, एचबीआर, एचआय, नायट्रिक, परक्लोरिक यांच्याबरोबर कुणी एचएफ पण तीव्रमध्ये टाकत असेल तर काढा. हायड्रोफ्लुओरिक सौम्य आम्ल आहे. कातडीला मात्र या सगळ्यांत तेच जास्त घातक. तीव्र असणं आणि जहाल असणं यांचा संबंध नाही.

अंबाबाईचा_गोंधळी
पीएच ० ते १४ च असतो ना? मग बाटलीतलं ॲसिड ० च्या खाली जातं का कधी?

बफर_झोन
जातं. बाजारातलं ३७ टक्क्यांचं एचसीएल साधारण १२ मोलर. नुसता लॉग घेतला तर उणे १.०८ येतो. एवढ्या घट्ट द्रावणात आयन मोकळेपणानं वावरत नाहीत, म्हणून हा आकडा काटेकोर नाही, पण शून्याखाली आहे यात वाद नाही. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीच्या पाण्याचा पीएच उणे ३.६ मोजला गेलाय. शाळेच्या भिंतीवरचा ० ते १४ चा रंगीत तक्ता ही सोय आहे, कायदा नाही.

अंबाबाईचा_गोंधळी
हे पीएच काढलं तरी कुणी? डोकं खाल्लंय नुसतं.

बफर_झोन
सोरेनसेन नावाच्या डॅनिश माणसानं, १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत.

तांबडापांढरा
कार्ल्सबर्ग?? बिअरवाले??? तरीच लॉग घेतल्यात. सरळ डोक्यानं कोण दहाचा उणे घात मोजंल?

वहीतला_हिशेब
नमस्कार. मी गंजबहाद्दरांची मुलगी. पप्पांनी धागा दाखवला. माझा हिशेब चुकलेला नव्हता हे वाचून बरं वाटलं :)

एक विचारू का? क्लासमध्ये सरांनी १०^-८ मोलर एचसीएलचा पीएच विचारला. मी ८ लिहिलं. सर म्हणाले ६.९८. आम्ल टाकून पाणी आम्लारी होणार नाही हे कळतं, पण मग १०^-३ ला सरळ ३ लिहिलेलं कसं चालतं? नियम नक्की कुठं बदलतो?

निवृत्त_बाई
बाळ, नियम बदलत नाही. कुठंतरी आपण पाण्याला विसरतो आणि ते विसरणं खपून जातं, एवढंच.

२५ अंशाला पाणी स्वतःच्या फुटण्यातून दोन्ही आयन १०^-७ देतं, आणि दोघांचा गुणाकार कायम १०^-१४. तुझं आम्ल १०^-३ असेल तर पाण्याचा वाटा इतका क्षुल्लक की लिहिला काय नि नाही काय. १०^-८ ला उलटं: आम्ल पाहुणं आणि पाणी घरमालक. एकूण हायड्रोजन आयनांना क्ष म्हण. विद्युतभाराचा तोल राखायचा तर क्ष = १०^-८ + (१०^-१४ भागिले क्ष). क्षने गुणून वर्गसमीकरण सोडव. क्ष येतो १.०५ गुणिले १०^-७, पीएच ६.९८.

नुसती बेरीज करून १.१ गुणिले १०^-७ लिहिणारी मुलंही असतात. तेही चूक, कारण आम्ल आलं की पाण्याचं फुटणं थोडं दबतं. आम्ल १०^-६ किंवा त्याहून विरळ असेल तर पाण्याला धरायचं, एवढं लक्षात ठेव. १०^-६ लासुद्धा फरक तिसऱ्या दशांश स्थळी पडतो.

बफर_झोन
यात एक गंमत. एचसीएल बरोबर १०^-७ मोलर घ्या आणि तेच समीकरण सोडवा. क्ष येतो १.६१८ गुणिले १०^-७. सुवर्णगुणोत्तर! पीएच ६.७९.

वहीतला_हिशेब
आईशप्पथ! खरंच आलं. आत्ता करून बघितलं.

शाहूपुरीकर
हे सगळं कागदावर. आमच्या लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरचा पीएच कधीच ७ येत नाही, ५.७ वगैरे येतो. म्हणून म्हणतो, मीटर.

निवृत्त_बाई
तुमचा मीटर खरं बोलतोय. उघड्यावरचं शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ५.६ च्या आसपास बसतं. स्वच्छ पावसाचं पाणीही तसंच. १०^-८ मोलरचं द्रावण लॅबमध्ये बनवून ६.९८ दाखवा म्हटलं तर मलाही जमणार नाही. तो प्रश्न डोक्यासाठी आहे, मीटरसाठी नाही.

गंजबहाद्दर
उशीर झाला, दिवसभर माल होता. बाई, गाळ होता. कॉस्टिक टाकताना हिरवट, थोडा काळपट. दुसऱ्या दिवशी वरचा थर तांबूस झाला होता.

निवृत्त_बाई
सापडला चोर.

गंज काढता म्हणजे लोखंड विरघळवता. मालाबरोबर ॲसिडच्या टाकीतलं लोखंडही धुण्याच्या पाण्यात येतं, फेरस क्लोराइड होऊन, आणि थोडं फेरिकही (विरघळलेल्या लोखंडाची ही दोन रूपं). मीटरला यातलं काही दिसत नाही, पण कॉस्टिकला दिसतं. फेरिक पीएच ३ च्या आसपासच गाळ व्हायला लागतं, म्हणून पहिल्यांदा तिथं अडकलात. फेरस ७ च्या पुढं हिरवट गाळ होतं. प्रत्येक फेरस आयन दोन हायड्रॉक्साइड खातो.

हिशेब करा. किलोतले ४०० ग्रॅम ॲसिडचे. उरलेले ६०० म्हणजे १५ मोल. दोनानं भागलं की साडेसात मोल लोखंड, ५६ नं गुणलं की ४२० ग्रॅम. हजार लिटरमध्ये ४२० ग्रॅम विरघळलेलं लोखंड, पिकलिंगनंतरच्या टाकीला अगदी शोभेलसं. आणि मीटर ०.०५ नं जरी चुकला असेल तरी ४०० चा आकडा बारा टक्के हलतो. शाहूपुरीकरांना तेवढं श्रेय.

रात्रीत पीएच का पडला? ७ ला तुम्ही थांबलात तेव्हा बरंचसं फेरस पाण्यातच होतं. हवेतल्या ऑक्सिजननं त्याचं फेरिक झालं, फेरिक लगेच तांबूस गाळ होऊन बसलं, आणि त्या खटाटोपात पाण्यातून हायड्रोजन आयन बाहेर पडले. तुम्ही झोपलात, टाकी ॲसिड बनवत बसली.

तांबडापांढरा
काटा किर्रर्र!

फौंड्रीवाले_आप्पा
आता ह्या म्हाताऱ्याचं ऐका. हिशेब करायचाच न्हाई. टाकीतलं एक लिटर पाणी बादलीत घ्यायचं. चाळीस ग्रॅम कॉस्टिक पाण्यात विरघळवून एक लिटर करून ठेवायचं, आणि त्यातलं सिरिंजनं मिली-मिली बादलीत सोडायचं. ढवळत ऱ्हायचं. मधनं मधनं मत्स्यालयाच्या पंपानं हवा सोडायची, म्हंजे फेरस रात्रीचं काय करायचं ते आत्ताच करतंय. पीएच ८ ला टिकला की थांबायचं. जितके मिली गेले, गुणिले चाळीस ग्रॅम, हे हजार लिटरचं माप. त्यातलं नव्वद टक्के टाकीत घालायचं, बाकीचं पातळ करून थेंबाथेंबानं.

आणि कॉस्टिक पाण्यात टाकायचं, फ्लेक्सवर पाणी न्हाई वतायचं. उकळी फुटून तोंडावर येतंय. गॉगल घाला. वाटीनं टाकतोय म्हणालास, हातमोजे तरी हुते का?

पन्हाळा_रोड
आप्पा, कॉस्टिकपेक्षा चुना बरा नाही का? स्वस्त पडतो आणि ११-१२ ची उडी मारत नाही.

बफर_झोन
उडी मारतो, फक्त हळू. चुना लिटरला दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळतो. संपृक्त निवळीचा कागदी हिशेब १२.६ च्या वर येतो, मीटर १२.४-१२.५ दाखवतो, कारण तेवढ्या दाटीत कॅल्शियम थोडे हायड्रॉक्साइड धरून ठेवतो आणि आयनांचा जोर कमी पडतो. पण तुम्हाला थांबायचंय ८ ला, त्यामुळं १२ चं कुंपण असून काय उपयोग? शिवाय चुन्याची खर उरते, गाळ वाढतो. तुमच्या सल्फ्युरिकला तर जिप्समही पडेल.

९ च्या आत थांबायचं असेल तर शेवटचा टप्पा खायच्या सोड्यानं करा. कितीही पडला तरी ८.३ च्या वर फारसा जात नाही. महाग आहे, म्हणून फक्त शेवटी. फेस येतो, टाकी काठोकाठ भरू नका.

गंजबहाद्दर
आप्पांची बादली आज केली. लेकीनं सिरिंज धरली, मी पंप. २३ मिली लागले, म्हणजे ९२० ग्रॅम. ८०० टाकीत घातलं, बाकीचं पातळ करून संध्याकाळपर्यंत, शेवटी बाईंच्या— नाही, बफरभाऊंच्या सोड्यानं. रात्री ८.१, सकाळी ७.६. वरचं पाणी काचेसारखं. हातमोजे होते आप्पा.

आता तळाला चार बोटं गाळ आहे. त्याचं काय करू?

फौंड्रीवाले_आप्पा
गटारीत नगं. आपल्या भागातलं काय बी सोडलं की जयंती नाल्यातनं पंचगंगेतच जातंय. पिकलिंगचा गाळ घातक कचऱ्यात मोडतोय. पोत्यात निथळून वाळव, नोंद ठेव, अधिकृत गाडीला दे.

आणि एक सांग, ॲसिडमधनं माल काढला की टाकीवर किती येळ धरतोस?

गंजबहाद्दर
धरत नाही. काढला की लगेच धुवायला.

फौंड्रीवाले_आप्पा
तिथंच तुझं ॲसिड बी जातंय आणि कॉस्टिक बी. टाकीच्या वर आडवा बार ठोक, रॅक त्यावर अडकव, थेंब थांबंपर्यंत निथळू दे. मग धुवायच्या दोन टाक्या कर. पहिलीत खंगाळायचं, दुसरीत स्वच्छ. दुसरीचं पाणी पहिलीत भरायचं, नवं पाणी फकस्त दुसरीला. महिन्याभरानं परत बादली लाव आणि मिली सांग.

वहीतला_हिशेब
आप्पा, मिली मी सांगेन. बार ठोकायला पप्पांनी आत्ताच माणूस बोलावलाय.